चांदईचं नितळ पाणी

आगऱ्यांच्या लग्नात भटजी मागाहून येतो. आधी येते ती धवलारीण. नऊवारी खोचून ती मांडवात बसते आणि धवले गाते. मांडवाचा खांब कुठल्या रानातला, हळद कुणाच्या हाताने दळली, नवरीच्या अंगावर पडणारं पाणी कुठल्या डोहाचं, हे सगळं तिच्या तोंडून गाण्यात यावं लागतं. गाण्यात आलं म्हणजे झालं. नाही आलं तर माणसं जेवून जातात, पण म्हाताऱ्या बायका घरी जाताना पुटपुटत जातात.

विमलाबाई हे शिकली तिच्या आत्याकडून. भीमाबाई आत्या मिठागरात टोपल्या वाहायची आणि वाहता वाहता गायची. दहा वर्षांच्या विमलला तिने दोनच अटी सांगितल्या होत्या. जे मांडवात नाही ते तोंडात आणायचं नाही. आणि जे मांडवात आहे ते तोंडातून टाळायचं नाही.

पहिली अट विमलाबाईने उभ्या जन्मात मोडली नाही. दुसरी मोडून तिला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती गात नव्हती. कुणी विचारलं की गळ्याला हात लावायची आणि मान हलवायची.

मग एके दिवशी सकाळी तिचा धाकटा दीर राघो पानाचा विडा घेऊन दारात उभा राहिला. मागे त्याची बायको रखमाबाई. त्यांच्या निशिगंधाचं लग्न ठरलं होतं, नवरा कोपरीचा. निशिगंधा ठाण्याला फिजिओथेरपिस्ट होती आणि तिने घरात स्पष्ट सांगितलं होतं की डीजे वाजेल तेव्हा वाजेल, पण हळद लागेल ती मोठ्या आयच्या धवल्यावर. मोठी आय म्हणजे विमलाबाई.

"वैनी, विडा उचल," राघो म्हणाला.

विमलाबाईने गळ्याला हात लावला.

"गला गेला? मंग सकाली भाजीवाल्याशी कोन भांडत होता? तिसऱ्या मजल्यावर ऐकू आला माना."

खाटेवर विमलाबाईचा नवरा काळुराम बसला होता. कानाचं मशीन काढून ठेवलेलं, समोर टीव्हीवर क्रिकेट. भाऊ हसला म्हणून तोही हसला.

चांदईपाडा आता नावालाच पाडा राहिला होता. कल्याण-शीळ रस्त्यावरून आत वळलं की टॉवरच टॉवर, आणि मधे राघोच्या बंगल्यासारखे लिफ्ट लावलेले बंगले. भाताची खाचरं कुठे होती ते सांगायला आता पाण्याच्या टाक्या दाखवाव्या लागत. गावामागून चांदई नदी वाहायची, अजूनही वाहत होती, पण तिच्याकडे पाठ करून सगळी बांधकामं झाली होती. खिडक्यासुद्धा त्या बाजूला लहान ठेवलेल्या. वास येतो म्हणून.

रखमाबाईने दोन गोष्टी बजावल्या. एक, पाण्याची. "पानी आमी जारचा आनतंव. वीस लिटरचे चार जार. तू गान्यात डोहाचा नाव घे, कोन बगायला जाताय?" दुसरी तिने आवाज उतरवून सांगितली. भावनाला त्या दिवशी घरीच ठेव. व्याही नवीन आहेत, उगाच विचारतील.

आतल्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं. ते थांबलं. विमलाबाईला वाटलं आता दार उघडेल. उघडलं नाही. मशीन पुन्हा चालू झालं, आधीपेक्षा जरा जोरात. आणि त्या घरघरीतूनच भावनाचा आवाज आला.

"घे आई विडा. निशीला ब्लाऊज मी देतेय, गाणं तू दे."

विमलाबाईने विडा उचलला.

भावना तिची एकुलती एक लेक. नौपाड्यातल्या एका बुटीकसाठी ती नवरींचे ब्लाऊज शिवायची, पाठ उघडी टाकलेले, दोऱ्यांचे, लटकनांचे. स्वतः मात्र बंद गळ्याचं आणि लांब बाह्यांचं घालायची. वैशाखातसुद्धा.

तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि माहेरी परत येऊन साडेदहा.

त्या लग्नाच्या सकाळी विमलाबाई बायका घेऊन डोहावर गेली होती. चांदई गावामागे वळसा घेते तिथे डोह आहे, आणि डोहाच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड. साती आसरा, पाण्याच्या बहिणी. सगळ्या गावांत असतात, पण चांदईपाड्याने आपल्या आसरांना आपली नावं ठेवली होती. शेवली, शिंपली, निवटी, लव्हाली, कमलन, मासोली, आणि सातवीला नाव नाही, ती नुसती धाकली. लग्नाआधी त्यांची ओटी भरायची, हिरव्या बांगड्या वाहायच्या, एकेकीला नावाने हाक मारायची. त्यांच्या वतीने सात सवाष्णी 'ओ' द्यायच्या. मग डोहातून सात तांबे पाणी भरून आणायचं, ते नवरीच्या न्हाणाचं.

त्याआधीची कित्येक वर्षं डोह काळा पडला होता. वरच्या अंगाला कारखाने झाल्यापासून कधी फेस यायचा, कधी जांभळं पाणी. बायका तेवढ्यापुरतं वरचं वरचं तांब्यात घ्यायच्या, तोंड फिरवून. पण त्या सकाळी डोह नितळ होता. इतका नितळ की तळाचे खडे मोजावेत. बायकांनी हात जोडले. गंगुबाई नावाची एक म्हातारी तर रडायलाच लागली. पोरीच्या लग्नाला आसरा न्हाऊन माखून बसल्यात, म्हणाली.

विमलाबाईने तांबा बुडवला. सकाळी नारळ सोलताना तिचं बोट कापलं होतं. त्या बोटाला विंचू डसल्यासारखं झालं. पाण्याला वास होता, पिकल्या केळ्यासारखा गोड, आणि त्या गोडाच्या मागे काहीतरी घशात टोचणारं. मग तिने पाहिलं, डोहावर एक चतुर उडत नाही. काठाच्या दगडांवर शेवाळ नाही, नुसता उघडा पांढरा दगड. जिथे पाणी लागत होतं तिथला आसरांचा शेंदूरही निघून गेला होता.

तिला हे सगळं दिसलं. पण तोंडात धवला चालू होता आणि मांडवात साठ माणसं खोळंबली होती. चालू धवला मोडला तर संसार मोडतो असं सगळे मानत. ती गातच राहिली. नितळ पाणी, तळाचे दिसणारे खडे, असं काहीतरी तिने त्या क्षणी जोडून गायलंही. बायकांना फार आवडलं.

हळद लावून भावना पाटावर बसली. विमलाबाईने पहिला तांबा तिच्या खांद्यावर ओतला. दुसरा. तिसऱ्याला भावना ओठ न हलवता म्हणाली, "आई, झोंबतंय."

"हलदीनं झोंबतं," विमलाबाई म्हणाली. "नवरी हलत नाय."

भावना हलली नाही. उरलेले चार तांबे तिने अंगावर घेतले.

मागाहून कळलं, आदल्या संध्याकाळी वरच्या पुलावर एक टँकर उभा होता. पाइप खाली सोडलेला. कुठल्या कंपनीचा ते कोण सांगणार, नंबराच्या पाटीला चिखल फासलेला. पाण्यातलं जेवढं जिवंत होतं तेवढं त्याने मारलं, आणि मेलेलं सगळं तळाला बसून पाणी नितळ झालं.

भावनाच्या पाठीवर आधी लाली आली. ती गेली. मग दोन-तीन महिन्यांनी पांढरं उमटायला लागलं. दोन्ही खांद्यांवरून खाली पाच पाच ओघळ, जिथून पाणी वाहिलं होतं तिथून. बोटांसारखे. टिटवाळ्याला तिच्या सासरी भगताला बोलावलं. त्याने पाठ बघितली आणि म्हणाला, आसरांनी हात ठेवलाय, पोरीकडून काहीतरी वंगाळ घडलं असणार. काय घडलं ते पोरीला विचारा. सासरच्यांनी विचारलं. रोज विचारलं.

विमलाबाई तिला नौपाड्यात कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टर बाई चांगली होती. दिव्याखाली पाठ बघून तिने विचारलं, अंगावर कधी केमिकल वगैरे सांडलं होतं का? कारखान्यातल्या काही रसायनांनी अगदी असंच होतं.

भावनाने आईकडे बघितलं.

"नाय," विमलाबाई म्हणाली. "कवाच नाय."

डॉक्टरने लिहून घेतलं. भावना भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत बसली. तो एक शब्द विमलाबाईने का उच्चारला, हे तिने स्वतःला हजारदा विचारलं. ज्या हाताने चाळीस वर्षं गावच्या नवऱ्या न्हाऊ घातल्या, त्या हाताने आपल्याच लेकीवर विष ओतलं, हे तोंडातून निघेना, एवढंच. ती जर तेव्हा हो म्हणाली असती तर टिटवाळ्याला दाखवायला डॉक्टरचा कागद तरी असता. कोप नव्हे, पाप नव्हे, केमिकल. दीड वर्षात भावना बॅग घेऊन परत आली. गावातही तीच गोष्ट फिरत राहिली, आसरांनी हात ठेवला म्हणून. विमलाबाईने ती फिरू दिली.

आणि मग त्या यायला लागल्या.

आसरांची वेळ भर दुपारची. बाराच्या सुमाराला भावना नौपाड्याला गेलेली असायची, काळुराम मशीन काढून झोपलेला. मागच्या दारी, मोरीच्या बाहेर भिंतीची बोटभर सावली पडते, त्या सावलीत सातजणी उभ्या. केस मोकळे, ओले, पण त्यातून थेंब पडायचा नाही. तोंडं दिसायची नाहीत, पदर पुढे ओढलेले. पुढे जी असायची ती सगळ्यांत ठेंगणी. ती एकच शब्द बोलायची.

"पानी."

ज्याचं नेलंस ते परत दे, असंच विमलाबाईला ऐकू यायचं. तिने एकदाही उत्तर दिलं नाही. दार लावून ती आतल्या खोलीत बसायची, पोथीवर हात ठेवून. तासाभराने बाहेर यावं तर शहाबादी फरशीवर ओली पावलं. वाळली की त्यांच्या जागी मोराच्या मानेसारखा रंगीत तवंग राहायचा. तो साबणाने निघायचा नाही. राखेने घासावा लागायचा. तेव्हापासून ती राख जपून ठेवत होती. घरात गॅस असूनही मागे चूल पेटवायची, आणि भावनाला सांगायची, चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी.

निशिगंधाची हळद दुपारी चारला होती. त्या दिवशी सकाळपासून विमलाबाईने पाण्याचा धवला मनात म्हणून बघितला. पाणी कुठलं, हा सवाल यायचा तिथपर्यंत नीट यायची. पुढे जारचं पाणी म्हणायचं की डोहाचं? डोहाचं म्हणावं तर पहिली अट मोडते. आता तेवढी एकच तिच्याकडे शिल्लक होती.

साडेअकराला तिने चपला घातल्या आणि एकटीच नदीवर गेली.

टॉवरच्या कंपाउंड भिंतीला एक भगदाड होतं, तिथून वाट उतरायची. वाटेवर थर्माकोल, फुटलेलं कमोड, कुणाच्या तरी गेल्या वर्षीच्या मखराचे खांब. डोहाला विटकरी रंग आला होता. कडेला फेसाचे ढीग साचलेले, पांढरे, हलके, वाऱ्याने थरथरणारे, दुरून बघणाऱ्याला कापूस पिंजून ठेवल्यासारखे. सात दगड जागेवर होते. शेंदूर नव्हता. एका दगडापाशी फुटकी हिरवी बांगडी पडली होती, तीसुद्धा पांढरी पडत चाललेली.

ती दगडापाशी बसली. ऊन डोक्यावर आलं. पाखरू नव्हतं, किडा नव्हता, फेस फुटण्याचा बारीक चर्र असा आवाज तेवढा येत होता.

त्या होत्या. पण पाण्यात नव्हत्या. पूर आला की माणसं ओट्यावर चढून पाय वर घेऊन बसतात, तशा त्या आपापल्या दगडावर बसल्या होत्या, पाय पोटाशी घेऊन. पाण्याच्या देवता पाण्याला पाय लागू देत नव्हत्या. घरच्या सावलीत पदराने झाकलेले त्यांचे हात आज उघडे होते. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत पांढरे. ऊन पडून दिसतं तसं नव्हे. भावनाच्या पाठीवर होतं ते पांढरं.

"पानी," धाकली म्हणाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विमलाबाईने विचारलं, "कोनाला?"

धाकलीने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. तहानेलं पोर ओंजळ करतं तशी. त्या बोटांमधलं अंतर विमलाबाईला ओळखीचं होतं. तिने त्या पाठीला साडेदहा वर्षं मलम लावलं होतं. डोळे मिटून ती ते माप सांगू शकली असती.

मग तिला कळलं. त्या सकाळी तांबा डोहात बुडाला तेव्हा या सातजणी आत जळत होत्या. तांब्याच्या पाण्याबरोबर त्या वर आल्या आणि जे पहिलं माणूस भेटलं त्याला धरलं. बुडणारा धरतो तसं. पोरीला त्यांनी मारलं नव्हतं, शापलं नव्हतं. त्या तिच्या खांद्यांना लटकल्या होत्या. आणि आजवर लटकून होत्या.

विमलाबाई उठली. गुडघे दुखत होते, चढावर दोनदा बसावं लागलं.

राघोच्या गच्चीवर मांडव होता. झेंडूच्या माळा, पंखे, ड्रोन उडवणारा एक पोरगा. डीजेवाल्याने हौसेने विमलाबाईसमोर माइक आणून ठेवला. जारचं पाणी तांब्याच्या हंड्यात ओतून हंड्याला हळदीची बोटं लावून ठेवलेली, म्हणजे फोटोत जार दिसू नये. निशिगंधा पाटावर बसली होती. तिच्या अंगावर भावनाने शिवलेला पिवळा ब्लाऊज. भावना समोरच्या घरात होती, ठरल्याप्रमाणे.

विमलाबाईने धरतीला नमन केलं. आवाज फाटका निघाला, मग हळूहळू जागेवर आला. खांबाचा धवला झाला, हळदीचा झाला. म्हाताऱ्या बायकांच्या माना डोलायला लागल्या. मग तिने पाण्याचा सवाल घातला.

*कुठला गो पानी, कुठली गो झारी,*
*कुन्या डोहाची बाय आली नवरीचे दारी?*

बायकांनी शेवट उचलून धरला. रखमाबाई तिच्याकडे बघून मान हलवत होती, घे नाव, घे. विमलाबाई थांबली. इतकी थांबली की डीजेवाल्याने माइक बंद पडला का ते बघितलं. मग ती गायली.

*जारचा गो पानी, टेम्पोतून आला,*
*चांदईचा डोह गो इखानं मेला.*

दोन-चार पोरी हसल्या. धवल्यात टेम्पो आला म्हणून त्यांना मजा वाटली. फोन वर झाले.

*बारा वरसांआधी हाच गो हात,*
*इख ओतला म्या लेकीच्या न्हानात.*

*नितल नितल पानी, वास आला माना,*
*गाना मोडंल म्हनून बोलली नाय कोना.*

आता कुणी हसत नव्हतं. उचलून धरायला एकही बाई तोंड उघडत नव्हती. विमलाबाईचा एकटीचा आवाज डीजेच्या त्या दोन कपाटाएवढ्या स्पीकरांतून गल्लीवर, टॉवरवर, नदीच्या बाजूच्या लहान खिडक्यांवर जाऊन आदळत होता.

*आसरांचा कोप नाय, लेकीचा नाय पाप,*
*आयशीचा तोंड गो बसला गपचाप.*

तिथे धवला संपला.

रखमाबाई पुढे आली. चेहरा लाल. पोरीच्या हळदीत हे काय काढलंस, असं ती म्हणाली, आणि व्याह्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. विमलाबाईने माइक बाजूला सारला आणि साध्या आवाजात सांगितलं, जे गाण्यात बसलं नव्हतं ते. नौपाड्याच्या डॉक्टरने विचारलं होतं. मी नाय म्हनली.

जिन्याच्या दारात भावना उभी होती. कधी आली कुणाला कळलं नाही. गळ्यात मापाची टेप तशीच, बोटात शिवणकामाचं टोपण. सगळी गच्ची तिच्याकडे वळली, तेव्हा ती आत आली आणि आईसमोर खाली बसली.

"मला माहीत होतं आई," ती म्हणाली. "वास मलाही आला होता. डॉक्टरांकडे तू नाही म्हणालीस, म्हणून मीही गप्प बसले. म्हटलं, आई सांगेल." तिने बोटातलं टोपण काढलं, पुन्हा घातलं. "बारा वर्षं लावलीस."

विमलाबाईने माफी मागितली नाही. मागायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. डोहावर काय पाहिलं ते तिने सांगितलं, तेवढंच. आसरा पाण्याबाहेर बसल्यात, त्या तहानेल्यात. हे पाणी नवरीआधी त्यांना जायला हवं.

कोपरीचे व्याही एकमेकांकडे बघत होते. पाटावर बसलेली नवरी हलत नाही. निशिगंधा हलली. हळदीच्या तोंडाने उठली आणि तिने हंड्याच्या कडीला हात घातला. "पप्पा, दुसरी कडी धरा," ती म्हणाली. राघोने धरली.

डोहावर जायला सात सवाष्णी लागतात. सहाजणी मिळाल्या. रखमाबाई त्यांतलीच एक, तोंड फुगवून का होईना. सातवी कोण, यावर भगदाडाशी सगळ्या थांबल्या. रखमाबाईने भावनाकडे बघितलं, तिच्या बंद गळ्याकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होती. मग म्हणाली, "बगत काय रायलीस? तांबा धर."

ऊन उतरत होतं आणि फेसावर इंद्रधनुष्याचे तुकडे हलत होते. नवरी नाकाला पदर लावून उभी राहिली. विमलाबाईने हाका घातल्या. शेवले, आणि एका बाईने ओ दिली, दगडावर तांबाभर स्वच्छ पाणी ओतलं. कोरड्या दगडाने ते असं ओढून घेतलं की खाली ओघळ आलाच नाही. शिंपले. निवटे. रखमाबाईने निवटीसाठी ओ दिली, घाबरत, बारीक आवाजात. लव्हाले. कमलने. मासोले.

"धाकले," विमलाबाईने हाक मारली.

भावना ओ द्यायला तोंड उघडत होती. त्याआधीच ओ आली. बारीक, जवळून. सहाजणींनी एकमेकींकडे बघितलं. भावनाने दगडावर पाणी ओतलं, सगळा तांबा, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तिचा हात मागे गेला, खांद्याकडे.

"आई," ती म्हणाली, "कुणी हात काढला?"

सहाजणींपैकी कुणी काढला नव्हता. तिच्या मागे माणूसच नव्हतं.

डाग गेले नाहीत. जायचे नव्हतेच. निशिगंधाची हळद उरलेल्या पाण्याने झाली. लग्न झालं. त्या धवल्याचा व्हिडिओ फिरला, चार दिवस लोक बोलले, आणि वरच्या पुलावर टँकर उभे राहायचे ते राहिले. लग्नानंतरच्या सोमवारी भावनाने स्वतःसाठी एक ब्लाऊज शिवला. पाठीला मोठा गोल गळा.

त्या दुपारी तो घालून ती घरीच होती. बाराच्या सुमाराला विमलाबाईने मागचं दार उघडलं, पूर्ण, आणि नळाखाली कळशी लावली. भिंतीची बोटभर सावली पडली होती. विमलाबाईने कळशी सावलीत नेऊन ठेवली. कळशी रिकामी झाली. पुन्हा भरली. पुन्हा रिकामी झाली. तळाला रंगीत तवंग.

भावना उंबऱ्यात येऊन बसली. उघड्या पाठीवर ऊन घेत तिने सावलीकडे बघितलं. तिला कुणी दिसत नव्हतं.

"किती आहेत गं?"

"साती."

"पुरलं का त्यांना?"

विमलाबाईने कान दिला. धाकलीचा शब्द आता निराळा होता.

"अजून म्हनताय," ती म्हणाली.

भावना उठली आणि आतून दुसरी कळशी घेऊन आली.